चिंबोरदेवाचं आख्यान आणि सोमवारचा रस्सा

या, असे पुढे सरकून बसा. तिकडे खांबाआड कोण ते? तुम्हीही या. गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही, कारण तीत माझीच फजिती आहे. पण खरी आहे. म्हणजे तिच्यातला एक भाग अगदी पुस्तकातला आहे, सपशेल खोटा! त्या खोट्यामुळे जे जे झालं ते मात्र सगळं खरं. शेवटपर्यंत बसलात तर एक मागणं मागेन, तेवढं द्या.

मी संगिता पागधरे. कीर्तन ऐकण्यात मला हरवेल अशी बाई डहाणूपासून तलासरीपर्यंत शोधून सापडायची नाही! आशागडला कीर्तन असलं तर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर लोंबकळत जाईन, पण पूर्वरंग चुकवणार नाही. बुवा कुठे थांबणार, कुठे चिपळी वाजवणार, कुठे उपरण्याने डोळे पुसणार, सगळं मला त्यांच्या आधी कळतं. चाळीस वर्षं ऐकतेय. इतकं ऐकल्यावर माणसाला कीर्तन करता येणारच, अशी माझी पक्की समजूत होती. चाळीस वर्षं जेवणारा माणूस आपोआप आचारी होतो का, असं मला वेळेवर कुणी विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण वेळेवर विचारणारी माणसं आमच्या पाड्यात नाहीत. नंतर विचारणारी सगळी आहेत.

ही गोष्ट गेल्या, म्हणजे २०१८च्या मार्गशीर्षातली. माझा धाकटा भाऊ मिथुन उधव्याला असतो. तिकडच्या आठवडे-बाजारात सुकी मासळी विकतो. त्याची मुलगी योगिता त्या जूनपासून आमच्याकडे डहाणूला शिकायला आली होती, सहावीत. घरात आम्ही दोघंच, मूल नाही. त्यामुळे सकाळी कुणाची तरी वेणी घालायला मिळते याचंच मला केवढं अप्रूप! पण पोर बोलायची नाही. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर भिंत. शाळेत मैत्रीण नाही, पाड्यात मैत्रीण नाही. शेजारच्या गुजराती वाण्याची रुपल तिच्याच वर्गात. तिला मी मुद्दाम चहाला बोलावलं, तर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. एक पुस्तक वाचतेय, दुसरी बिस्किटं मोजतेय!

दिवाळीनंतर मिथुनचा फोन आला. "ताई, पोर फोनवर नुसती हं-हं करते. तिथे करमत नसेल तर दत्तजयंतीच्या रविवारी येतो आणि घेऊन जातो. शिकेल इथेच जेवढं शिकेल तेवढं."

रविवार आणि माझ्यात उरले होते बारा दिवस.

योगिताजवळ एकच दौलत होती. उधव्याच्या बाईंनी शाळा सोडताना दिलेली 'ओहोटपूर' नावाची सहा पुस्तकं. पोरांची जादूची मालिका. तीच ती पुस्तकं उलटून-पालटून वाचायची. कुणाला हात लावू द्यायची नाही, कारण पाड्यात सगळ्यांच्या हाताला मासळीचा वास! मला मात्र तिने परवानगी दिली. साबणाने दोनदा हात धुवायचे आणि पान दुमडायचं नाही, या अटीवर. दुपारी वाळत घातलेले बोंबील राखायला बसायचं, कावळे हाकलायचे आणि वाचायचं, असं सुरू केलं.

आणि काय सांगू! पुस्तक म्हणजे कीर्तनाचा उत्तररंगच. समुद्राच्या तळाशी एक गाव आहे, ओहोटपूर. पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच ते वर येतं. तिथली माणसं दोन्ही ओंजळीत दिवे धरून चालतात, म्हणून नमस्काराऐवजी कोपराला कोपर लावतात. तिथला गिळगिळ्या राजा माणसांचे आवाज गिळतो. तिंबा नावाची मुलगी गावाचे आवाज परत आणायला निघते, आणि तिचं वाहन कोण? पंख असलेला चिंबोरा, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा! एवढंच नाही, गावाची वेस उघडेना तेव्हा तो स्वतःची नांगी तोडून किल्ली म्हणून देतो. मी तिथे बोंबलांसमोर ढसाढसा रडले. कावळ्यांनी तेवढ्यात अर्धी रांग साफ केली!

तेव्हा मला कल्पना सुचली. पुस्तकांचा संच एक, पोरं वीस. सगळ्यांना एकदम गोडी लागायची तर वाचून नाही, कीर्तनातूनच लागेल! आमच्या दत्तमंदिरात सप्ताह बसणार होता. गुरुवारी दुपारची वेळ महिला भजनी मंडळाची, पण त्यांची मुख्य गाणारी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. म्हणजे जागा रिकामी. मी सांगून टाकलं, "गुरुवारी मी उभी राहते. बालकीर्तन!"

मृदंगवाले धोंडीमामा बघतच राहिले. "संगिताबाय, तू ऐकतेस छान. पण उभं राहणं वेगळं."

"मामा, तुम्ही नुसता ठेका धरा. बाकी मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे."

मी देवळाच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं. 'गुरुवार, दुपारी चार. ओहोटपूरचे आख्यान.' पुस्तकाचं आहे, हे लिहायचं राहिलं. सहापैकी दीडच पुस्तक माझं वाचून झालंय, हेही कुणाला सांगायचं राहिलं. दीड म्हणजे तसं बरंच झालं की! भात शिजला का बघायला सगळं पातेलं थोडंच खातात?

गुरुवारी मंडप भरला. पोरं पुढे, बाया मागे, आणि सगळ्यात मागे चटईच्या कडेला योगिता, उठून पळता येईल अशी. मी नऊवारी नेसले, गळ्यात हार, कपाळाला बुक्का. धोंडीमामांनी थाप मारली आणि मी सुरू झाले! रचलेलं पद म्हटलं:

सरले पाणी, उघडली वेस,
चांदण्याचा गावा चढला वेष,
चल चल चिंबोरा, पैलतीरी ने रे,
हरवला सूर माझा मला दे रे!

'चल चल चिंबोरा' दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत सगळा मंडप टाळ्यांवर आला. मग मी तिंबाला समुद्रात उतरवलं. राजाला असा काही गिळायला लावला की पुढची दोन पोरं आयांच्या मांडीत शिरली. रंगाच्या भरात म्हणाले, "आणि तिच्या हातात होता निळा कंदील..."

मागून आवाज आला, "आत्या, हिरवा! निळा तिसऱ्या पुस्तकात!"

सगळ्यांच्या माना वळल्या. योगिता उभी होती. सहा महिन्यांत पाड्याने तिचा आवाज प्रथम ऐकला. मला रडूच फुटलं. बायांना वाटलं, आख्यानामुळे फुटलं. त्याही रडायला लागल्या. तेवढ्यात चिंबोऱ्याने नांगी तोडली, आणि मंडपात नुसते पदर डोळ्यांना!

इथपर्यंत सगळं झकास. आता आमच्या सप्ताहाची रीत सांगते, म्हणजे माशी कुठे शिंकली ते कळेल. कीर्तन संपताना उभा राहिलेला माणूस विचारतो, "आज कोण काय सोडणार?" मग ज्याला वाटेल त्याने उठून वीणेला हात लावायचा आणि पुढच्या सप्ताहापर्यंत एक वस्तू सोडायची. कुणी तंबाखू सोडतं, कुणी शिव्या. हात लागला की शब्द गेला! आणि गळ्यात हार घालून त्या जागेवरून जे सांगितलं जातं त्यावर शंका घ्यायची नाही, हीही रीत. चाळीस वर्षं मी स्वतः कधी घेतली नाही.

मला वाटलं, पोरं म्हणतील भांडण सोडलं, खोड्या सोडल्या. मी दोन्ही हात पसरून विचारलं, "बोला, आज काय सोडणार?"

उठल्या कोण? सोनूबाई! पाड्यातल्या सगळ्यात जुन्या. पंचाहत्तरीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण बोंबील बांधायला बसल्या तर तरण्या मुली मागे पडाव्यात. काठी टेकत आल्या, वीणेला हात लावला आणि म्हणाल्या, "त्या जनावराने पोरीसाठी नांगी तोडली. मी चिंबोरी सोडली."

मग माझी शेजारीण जमना ताडकन उठली. "मीपण सोडली!" मग रांगच लागली. मीपण, मीपण, मीपण! आणि मी? बाया रांगेने शपथ घेतायत आणि कीर्तनकार नुसती उभी, हे दिसायला बरं दिसेना. मीही हात लावला.

हात लावला आणि आठवलं. सोमवार!

सप्ताहाचे आठ दिवस आम्ही मासळी तोंडाला लावत नाही. रविवारी काला, आणि सोमवारी सगळा पाडा चिंबोरीच्या रश्श्यावर तुटून पडतो. वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण ते! त्या रश्श्याच्या चिंबोऱ्या आणणार कोण? आमचे हे. काळू पागधरे, खाडीतल्या चिंबोऱ्यांचे कर्दनकाळ. आठवडाभर चिखल तुडवून त्यांनी दोन टोपल्या भरल्या होत्या. नांग्या सुतळीने बांधून, ओलं गोणपाट घालून आमच्या पडवीत जिवंत ठेवलेल्या. प्रत्येक चिंबोरीला ते नावानिशी ओळखत होते म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी ह्यांना कळलं. तांब्या हातातच राहिला.

"काय सोडलं?"

"चिंबोरी."

"कुणी?"

"सगळ्यांनी."

"आणि तू?"

मी रांगोळीचा डबा शोधायला आत गेले.

"आठ दिवस मी गळ्यापर्यंत चिखलात," हे बाहेरून ओरडले, "आणि तू त्यांचा देव केलास? अगो, निदान बोंबलाचा करायचास!"

शुक्रवारी सकाळी नळावर गेले तर जमनाने हंडा खाली ठेवला आणि माझ्या कोपराला कोपर लावलं. "जय चिंबोरदेव, संगिताबाय!" नळावर ओळीने कोपरंच कोपरं! दुपारी डहाणू रोडच्या मासळीबाजारात आमच्या बाया टोपल्या उतरवताना एकमेकींना कोपरं लावत होत्या म्हणे. गिऱ्हाइकांना वाटलं भांडण लागलं.

"जमना, ऐक ना," मी सुरुवात केली, "ते आख्यान जे आहे ना, ते खरं तर..."

"ते राहू दे. योगिता कुठाय? विचारायचंय तिला."

शाळा सुटल्यावर बघते तर आमच्या अंगणात सात-आठ बाया बसलेल्या, आणि मधोमध, उलट्या टोपलीवर, योगिता!

"योगिताबाय, चिंबोरदेवाला वार कोणता ग?"

"वार नाही मावशी, पौर्णिमा. दुसरं पुस्तक, चौथं प्रकरण."

"नैवेद्य?"

"त्याला करवंदं आवडतात."

"करवंदं आता कुठे मिळणार? मीठ लावलेला आवळा चालेल?"

योगिताने पुस्तक उघडून बघितलं. "चालेल. गिळगिळ्याच्या तुरुंगात आवळाच होता."

तेवढ्यात फाटकातून रुपल हात पुढे करत पळत आली. "योगिता, हे जो! हात धुऊन आली मी, दोन वेळा! वास घे! आता तो पहिलं पुस्तक दे ने!" योगिताने खरंच वास घेतला. आणि दिलं! पुस्तक दिलं! मी आमच्या दत्ताला तिथूनच हात जोडले, आणि जोडता जोडता ओशाळले. देवाच्या मंडपात पुस्तकातला देव मी उभा केला होता. सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं की अंगण रिकामं होणार, पोर पुन्हा भिंत होणार आणि रविवारी मिथुन तिला घेऊन जाणार. मी दिवसभर तोंड उघडत होते आणि मिटत होते. गळाला लागलेला मासा तरी जरा बरा दिसतो!

शनिवार म्हणजे दत्तजयंती. शाळा सकाळची. दुपारनंतर पाणी मागे हटायला लागलं, तशी पोरांनी ओल्या वाळूत ओहोटपूर बांधायला घेतलं. शिंपल्यांच्या भिंती, बाटल्यांच्या झाकणांचे घुमट, करवंट्यांचे कंदील. आणि सगळ्यांवर ओरडायला योगिता. "वेस पश्चिमेला! अरे, राजवाडा असा वाकडा असतो का? रुपल, तू तिंबा, तू वाळूत बसायचं नाही, फ्रॉक खराब होईल!" मी लांबून बघत होते. एवढे शब्द हिने इतके महिने ठेवले कुठे होते?

तेवढ्यात जमना दहा-बारा बायांना घेऊन आमच्या पडवीत. "संगिताबाय, टोपल्या काढ. चिंबोरदेवाला बांधून ठेवायचा म्हणजे पाप. ओहोटीला सोडायचे."

"अगं पण, ह्यांना विचारायला हवं! हे डहाणू रोडला हार आणायला गेलेत."

"देवाच्या कामात काळूभावजींना काय विचारायचं? आख्यान कुणी सांगितलं? तूच ना!"

टोपल्या निघाल्या. पुढे धोंडीमामांचा मृदंग, मागे 'चल चल चिंबोरा', डोक्यावर टोपल्या. अशी मिरवणूक किनाऱ्यावर आली. वाळूच्या वेशीसमोर टोपल्या उलट्या केल्या. जमनाने कोयत्याने सुतळ्या कापल्या आणि सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले.

मासळीत जन्मलेल्या आम्ही! मोकळ्या नांगीच्या चिंबोरीसमोर आमच्यातली कुणी शुद्धीवर असताना डोळे मिटणार नाही. पण भक्ती ती भक्ती. देव समुद्राकडे गेलेच नाहीत. आठ दिवसांचा राग होता त्यांच्या पोटात. सगळे बायांकडे निघाले, तिरके, नांग्या वर करून!

"आई गं!" "माझं लुगडं!" "अगो, डोक्यावर पदर काय घेतेस, पाय उचल!" क्षणात किनाऱ्यावर नुसती धावपळ. एक देव मृदंगाच्या खोळीला लटकला. धोंडीमामा गोल गोल फिरतायत आणि मृदंग त्यांच्याभोवती! राजवाडा पडला, घुमट उडाले, तिंबा खांद्यावर चढली, कुणाच्या ते तिलाही कळलं नाही.

आणि ह्या सगळ्यात समोरून कोण यावं? मिथुन! एक दिवस आधीच आला होता. चपला हातात, पिशवी खांद्याला, "ताई, हे काय चाललंय?" म्हणत वाळूतून सरळ आमच्याकडे. सगळ्यात मोठ्या चिंबोऱ्याने त्याच्या पायाचा अंगठा बघितला आणि धरला.

ती किंकाळी गुजरातेत ऐकू गेली असणार!

मी चप्पल उगारली, तर जमनाने माझा हात धरला. "मारू नकोस! देवाने धरलंय त्याला! मिथुन, हलू नको रे, नशीब लागतं!"

"नशीब गेलं खड्ड्यात! अंगठा चाललाय माझा!"

सगळ्या बाया त्याच्याभोवती गोल करून उभ्या. कुणी हात जोडले, कुणी त्याच्याच कोपराला कोपर लावलं. तेवढ्यात गर्दीतून योगिता आली. शांतपणे खाली वाकली. "बाबा, ओढू नका. ओढलं की घट्ट धरतो. पाय पाण्यात ठेवा." बापाचा हात धरून त्याला उथळ पाण्यात नेलं. चिंबोऱ्याने क्षणभर विचार केला, नांगी सैल केली आणि निघून गेला. मिथुन अंगठा विसरून मुलीकडे बघत राहिला. ती केव्हाच मागे वळून ओरडत होती, "चला, चला, भरती यायच्या आत वेस पुन्हा बांधा!"

दत्तजन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि मी काय ठरवायचं ते ठरवलं. कारण दिवेलागणीला हे रिकाम्या टोपल्यांजवळ असे बसले होते की बघवेना. "एकही नाही ठेवली?" एवढंच म्हणाले.

रविवारी काल्याचं कीर्तन. आमचे बुवा तीस वर्षं सप्ताहाला येतात. हंडी फुटली, लाह्या वाटल्या आणि बुवांनी हसत हसत विचारलं, "मंडळी, मी फाटकातून आत आलो तर मला चौघींनी कोपर मारलं. हे चिंबोरदेव कोणत्या पुराणातले?"

सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. पुढच्या रांगेत मिथुन, अंगठ्याला हळदीचं फडकं, मांडीवर योगिताची रिकामी पिशवी, तिचे कपडे भरायला आणलेली. मी उठले. 

"बुवा, पुराणातले नाहीत. पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकातले आहेत. फळ्यावर लिहायचं राहिलं. मी सगळ्यांना फसवलं. पोरीला चार मैत्रिणी मिळाव्यात एवढंच मनात होतं. मला क्षमा करा." आणि तिथेच नाक घासलं.

मग बुवा म्हणाले, "पुस्तक? मग शेवट काय होतो त्याचा?"

मला काय ठाऊक! दीडच पुस्तक वाचलेलं! मी योगिताकडे बघितलं. पोर लाल झाली. उभी राहिली, चटईच्या कडेला नव्हे, अगदी मधोमध, रुपलच्या शेजारी.

"सहाव्या पुस्तकात ना," ती म्हणाली, "चिंबोरा फितूर निघतो. तो आधीपासून गिळगिळ्याचाच माणूस असतो."

मंडपात असा सन्नाटा, जसा सगळा पाडाच राजाने गिळला!

"फितूर?" जमना किंचाळली. "फितुराला आम्ही आवळे घातले?"

"फितुरासाठी मी रस्सा सोडला?" मागून कुणीतरी.

"माझा अंगठा!" हा मिथुन.

आणि मग हसू फुटलं. आधी धोंडीमामांना, मग बायांना, मग बुवा वीणेला धरून हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "माऊलींनो, गोष्टीसाठी धरलेला नेम आहे. ज्याला सुटायचं असेल त्याने परत वीणेला हात लावावा आणि सुटावं. दत्त रागावणार नाहीत." पुन्हा रांग लागली. त्या रांगेत पहिली कोण होती ते मला विचारू नका. मी मंडपात पुढेच बसले होते, म्हणून जवळ पडलं, एवढंच.

सोनूबाई मात्र उठल्या नाहीत.

"आजी, या ना," जमना म्हणाली, "सुटा. फितूर होता तो."

"असेल. नांगी तोडली तेव्हा दुखलं असेल ना त्याला?" सोनूबाई म्हणाल्या. "मी उभी राहिले ती काही पुस्तकातली नव्हते. पुढच्या सप्ताहापर्यंत नाही खाणार. पण योगिता, मला वाचता येत नाही बाय. तो असं का वागला ते मला पहिल्यापासून ऐकायचंय. सगळी पुस्तकं."

मिथुनने पिशवी पुढे केली. "चल पोरी, कपडे भरतेस ना?"

योगिताने बापाकडे असं बघितलं, जणू तो काहीतरी खुळ्यासारखं बोलला असावा. "बाबा, आत्ता कसं येणार? सोनूआजीचं पहिलं पुस्तक आज सुरू करायचंय. रुपलचं अर्धं झालंय, ती पान दुमडते, तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. आणि वेस परत बांधायचीय!"

"मग मी एवढ्या लांबून आलो कशाला?"

"अंगठा द्यायला!" जमनाने उत्तर दिलं.

मी खांबाआड जाऊन पोटभर रडून घेतलं. आनंदाचं रडणं, पण आवाज तोच. बाहेर आले तर ह्यांच्याभोवती घोळका. "काळूभावजी, उद्याचा रस्सा होणार ना?" "भाऊ, चिंबोऱ्या किती?"

ह्यांनी कंबरेवर हात ठेवले. "चिंबोऱ्या? त्या ओहोटपूरला गेल्या! तुम्हीच वाजतगाजत पोचवल्यात! आता जा आणि बोलवा परत!"

सोमवारी ओहोटीला सगळा पाडा खाडीच्या चिखलात गुडघाभर. परवा 'पैलतीरी ने रे' गाणाऱ्या बाया आज बिळात हात घालून 'ये फितुरा, ये!' म्हणत होत्या. मिथुनही उतरला, बूट घालून. रस्सा झाला! आणि कसा झाला! सोनूबाईंनी पंगतीत बसून वरण-भात खाल्ला. मांडीवर पहिलं पुस्तक, शेजारी योगिता.

मग रोज शाळा सुटल्यावर बोंबील वाळवायच्या काठ्यांखाली वाचन. आधी दोघी, मग रुपल, मग दहा पोरं, मग निवडत-टिपत बसलेल्या बाया. सोनूबाईंना लेखकाचं एकेक म्हणणं पटायचं नाही. एकदा योगिताला पत्रच लिहायला लावलं. "साहेब, नांगी परत यायला चिंबोऱ्याला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? फितूर एवढी तकलीफ घेत नाही. आम्ही यांना साठ वर्षं ओळखतो. शेवट सुधारावा." उत्तर आलं नाही. सोनूबाई म्हणाल्या, "सुधारत असतील. वेळ लागतो."

या गणपतीनंतर सोनूबाई गेल्या. झोपेतच. सहाव्या पुस्तकाची तीन प्रकरणं राहिली होती. ती योगिताने त्यांच्या काठ्यांखाली बसून मोठ्याने वाचली. शेवटचं पान आलं तेव्हा तिने पुस्तक मिटलं आणि आपल्या मनाने सांगितलं. चिंबोऱ्याला नवी नांगी फुटली आणि तो परत आला म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. रुपलनेही नाही, आणि तिला ते पान पाठ आहे!

आता सप्ताह पुन्हा तोंडावर आला आहे. त्यानंतरचा सोमवार ठरलेलाच. तेव्हा मागणं हे, की कुठेही चिंबोरी खायला बसलात तर पहिली नांगी फोडायच्या आधी क्षणभर थांबा आणि आमच्या सोनूबाईंची आठवण काढा. साऱ्या पाड्यात दिलेला शब्द त्यांनी एकट्यांनी पाळला.

मीही दरवेळी काढते. त्या पहिल्या सोमवारीही काढली होती. तिसऱ्या वाटीला, पण काढली.